फवारणीचा पंप आणि माझ्या गाडीचं इंजिन

आमच्या वस्तीवर दाराशेजारी भिंतीत एक खिळा आहे. त्यावर ट्रॅक्टरची किल्ली, दोन मोटारसायकलींच्या किल्ल्या आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीची किल्ली टांगलेली असते. माझ्या गाडीची किल्लीही दोन वर्षं तिथेच होती. ज्याला लागेल त्याने घ्यावी, असा आमच्या घरचा रिवाज. घरातली कुठलीच वस्तू एकट्याची नसते. लग्न होऊन आले तेव्हा मला हा रिवाज फार आवडला होता. आता तो आठवला की दातओठ खावेसे वाटतात.

मी बारामतीच्या एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत काम करते. आमची वस्ती भवानीनगरच्या बाजूला, इंदापूर तालुक्यात. सकाळी गावोगावचे टेम्पो आणि टँकर येतात. नमुना तपासून झाल्याशिवाय टँकर रिकामा होत नाही, आणि दूध काही कुणासाठी थांबत नाही. एसटीच्या भरवशावर ही वेळ पाळणं जमेना, म्हणून मी माझ्या पगारातून जुनी, पांढरी, पेट्रोलची गाडी घेतली. कागद माझ्या नावावर. चालवायला शिकले तीही मीच. सासर आणि माहेर दोन्हीकडची मी पहिली पदवीधर. माझ्या वडिलांनी मला माहेरच्या कऱ्हाटी गावाहून बारामतीला पाठवून शिकवलं आणि सासरच्यांनी नोकरीला नाही म्हटलं नाही. या दोन्ही गोष्टींसाठी मी आजही कृतज्ञ आहे. हे आधीच सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला मी उलट्या काळजाची वाटेन.

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीची गोष्ट. त्या दिवशी आमच्याकडे सगळी अवजारं आणि गाड्या धुऊन काढतात, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला त्यांची पूजा होते. धुण्याचं काम माझ्या धाकट्या दिरांचं. मी त्यांना भावजी म्हणते. आमची डाळिंबाची बाग आहे आणि बागेला औषध मारायचा मोठा पंप आहे. त्याच्या बंदुकीतून पाणी असं जोरात सुटतं की ट्रॅक्टरच्या चाकातला वर्षभराचा चिखल ढेकळांनी निघतो. औषध पानाला चिकटून राहावं म्हणून त्यात एक पातळ द्रव मिसळतात. बागाईतदार त्याला स्टिकर म्हणतात. पाण्यात टोपणभर घातला तरी फेस येतो. म्हणून भावजी गाड्या धुवायलाही तोच वापरतात. आमच्या भागात हे सर्रास चालतं. ट्रॅक्टर जुना, डिझेलचा, सगळा लोखंडाचा. त्याला काही होत नाही. उलट अंघोळ घातलेल्या बैलासारखा दिसतो.

त्या दिवशी भावजी झेंडूची फुलं आणायला माझी गाडी घेऊन इंदापूरला गेले होते. खिळ्यावरून किल्ली घेतली आणि गेले. परत आले, फुलं उतरवली आणि गाडी तशीच पंपापुढे लावून बॉनेट उघडलं. मी ओट्यावर डबे घासत होते. इंजिन तापलेलं होतं. पाण्याची धार लागताच वाफेचा लोट उठला.

मी म्हटलं, "भावजी, आत नका मारू पाणी. वायरी आहेत त्यात."

ते हसले. "वहिनी, वायरीला प्लास्टिक असतंय. बघा तुमी, कशी नवरी करतो गाडीची."

नवरी केलीच त्यांनी. फेस काढून झाल्यावर कापडाचा बोळा डिझेलमध्ये बुडवला आणि सगळ्या इंजिनाला, रबरी नळ्यांना, काळ्या प्लास्टिकला चोळला. इंजिन तेल लावलेल्या कढईसारखं चकाकायला लागलं. सासरे, म्हणजे आबा, येऊन बघून गेले. म्हणाले, "हे काम बाकी कुनाला जमायचं न्हाय." दसऱ्याला बॅटरीवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, अक्षता टाकल्या, इंजिनावर झेंडूच्या पाकळ्या उधळल्या, बॉनेट लावलं आणि वरून हार घातला. मीही हात जोडले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू झाली, पण थरथरत. कॅनॉलच्या पुलावर पोचेपर्यंत ती आचके द्यायला लागली आणि पुलाच्या बरोबर मधोमध बंद पडली. मागे शाळेची बस, तिच्यामागे आमच्याच डेअरीकडे निघालेला दुधाचा टेम्पो. बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "ताई, घरी कोन गडीमाणूस न्हाय का?" टेम्पोवाल्याने ढकलून गाडी कडेला लावून दिली आणि रस्त्यावरच्या मिस्त्रीला फोन केला.

मिस्त्री आला. त्याने इंजिनावरचं झाकण काढलं. चार प्लग चार खोल खड्ड्यांत बसवलेले असतात आणि त्यांच्यावर ठिणगी देणाऱ्या कॉईल असतात. त्याने एक कॉईल उपसून माझ्यापुढे धरली. तिच्या टोकाला पांढरा फेस होता. खड्ड्यात पाणी साचलेलं. त्याला तोच वास, डाळिंबाच्या फवारणीचा.

"पाणी कुनी मारलं आत?" त्याने विचारलं.

"आमच्या भावजींनी."

त्याने फेस फडक्याने पुसला. मग म्हणाला, "मग माझं नाव सांगू नका, ताई. त्यांच्या ट्रॅक्टरचं काम माझ्याकडंच हाय."

खड्डे कोरडे करून त्याने गाडी सुरू करून दिली, पण मी डेअरीत पोचले तेव्हा टँकरची रांग फाटकाबाहेर गेली होती.

संध्याकाळी घरी येईपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती, तीही वेगळ्याच रूपात. भावजी म्हणत होते, "क्लच दाबून दाबून इंजिन मारलं असंल. बाईमाणसाच्या हातात गाडी दिली की ती अशीच रडती." आबा मान डोलावत होते. मी रात्रीपर्यंत थांबले आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. पाणी, फेस, मिस्त्री. माझा नवरा साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला आहे. वाईट माणूस नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू म्हणतीस ते खरं असंल. पर जाऊ दे. त्याला वाईट वाटंल. दसऱ्याचं एवढं राबला तो."

"आणि मला?"

"तुला काय झालं? तुला तर गाडी चालवायचा त्रासच नको आता. तो सोडंल तुला रोज, आणंल रोज."

असं ते ठरलं. मला कुणी विचारलं नाही. आणि मी, जिने पदवीच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांना ठासून उत्तरं दिली होती, मी गप्प बसले.

त्यानंतरचे आठवडे मी माझ्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसून काढले. पुढची सीट भावजींच्या सामानाला लागायची. खताच्या पिशव्या, ठिबकच्या नळ्या, कधी कोंबड्यांचं खुराडं. निघताना त्यांचा चहा व्हायचा. वाटेत एका टपरीवर पुन्हा चहा व्हायचा. मी मागे घड्याळ बघत बसायचे. काच खाली असायची, त्यामुळे सगळं ऐकू यायचं.

"काय रं," त्यांचा एक दोस्त एकदा म्हणाला, "वैनीचा डायवर झालास व्हय?"

"मग काय करतो. वैनीनं पुलावर गाडी झोपवली."

"झोपवली? का लोळवली?"

सगळे हसले. मीही कसनुसं हसले. माझा सगळ्यात जास्त राग आजही त्या हसण्यावर आहे.

डेअरीत आमच्या विभागप्रमुखांनी उशिरावरून दोनदा समजावून सांगितलं. तिसऱ्या वेळी म्हणाले, "मॅडम, सकाळचं जमत नसेल तर दुपारची पाळी घ्या. मी दुसऱ्या कुणाला तरी सकाळी ठेवतो." ते रागाने बोलले नाहीत, म्हणून जास्त लागलं. दुपारची पाळी रात्री सुटते. रात्री बारामतीहून वस्तीवर यायचं म्हटल्यावर आमच्या घरात काय बोललं जाईल, हे मला पाठ होतं. पहिल्यांदा "झेपंल तेवढं कर," मग "घराकडं बघ जरा," आणि मग "कशाला पायजेल नोकरी." म्हणजे प्रश्न गाडीचा राहिलाच नव्हता. त्या खड्ड्यातल्या पाण्यात माझी नोकरी बुडायला निघाली होती, आणि हे घरात माझ्याशिवाय कुणाच्या गावीही नव्हतं.

मग कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला. धुराड्यातून काजळी उडायला लागली. आमच्याकडे हंगामात दोरीवर पांढरा कपडा वाळत घालत नाहीत. एका शनिवारी भावजींनी पाणी बघायला बॉनेट उघडलं आणि मी आत पाहिलं. खंडेनवमीला चोळलेल्या त्या डिझेलवर काजळी आणि रस्त्याची धूळ बसून काळा चिकट थर झाला होता. रबराची एक नळी फुगून मऊ पडली होती. भावजी म्हणाले, "घाण झालीया. उद्या सुट्टी हाय, पंप मारतो पुन्यांदा."

मी लगेच निघाले. मोटारसायकलीवर नवऱ्याला मागे बसवलं, भवानीनगरला गेले, आणि रंगाचे दोन ब्रश, गाडीच्या प्लास्टिकला लावायचं पाण्यातलं पॉलिश आणि तसलीच नवी नळी घेऊन आले. नवरा वाटभर विचारत होता, "काय करनार हाईस तू?" मी म्हटलं, "साफसफाई." नळी मिस्त्रीने दुकानातच दाखवून दिली, कशी काढायची आणि कशी बसवायची ते. पुन्हा म्हणाला, माझं नाव नको.

रविवारी सकाळी उठून मी खिळ्यावरची किल्ली घेतली आणि गाडी आंब्याखाली सावलीत लावली. इंजिन थंड होतं. पान्याने बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाची वायर सोडवली आणि फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली. फ्यूजच्या डब्यावर, हवा आत घेणाऱ्या तोंडावर, वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरवर, कॉईलच्या ओळीवर साखरेच्या रिकाम्या प्लास्टिक पिशव्या चढवल्या आणि रबरं लावली.

हे करताना मला माझे वडील दिसत होते. माझ्या लहानपणी आमच्याकडे मेंढ्या होत्या. पुढे रानाला पाणी आलं, वडील शेतीला लागले आणि मेंढरं गेली. पण तेव्हा लोकर कातरायच्या आधी वडील मेंढरं कऱ्हा नदीच्या डोहात नेऊन धुवायचे. एकेका मेंढीची मान वर धरायची आणि दोन्ही अंगठ्यांनी तिचे कान दाबून धरायचे. कानात पाणी गेलं की मेंढी मान वाकडी करते आणि चारा सोडते. माझं काम लोकर चोळायचं. मी घाई केली की ते म्हणायचे, "आदी कान झाक, मग अंग धू." एका मेंढराच्या कानाची आमच्या घरात एवढी काळजी होती. माझ्या गाडीची या घरात कुणाला नव्हती.

मी ब्रश पातळ साबणात बुडवून घासायला लागले. मग ओलं फडकं, मग कोरडं फडकं. एकेक भाग. प्रयोगशाळेत काच अशीच धुतात. धार मारली म्हणजे काच स्वच्छ होत नाही, नुसती ओली होते. काळं पाणी खाली पातेल्यात गळत होतं. बॅटरीच्या खाली दसऱ्याच्या पाकळ्या कुजून चिकटल्या होत्या, अक्षता फुगल्या होत्या, कुंकवाचा चिखल झाला होता. ते सगळं मी चमच्याने खरवडून काढलं आणि तुळशीच्या बुंध्याला टाकलं. पूजा मलाही मान्य होती. तिच्या आड जे केलं होतं ते मान्य नव्हतं.

तेवढ्यात पंपाचा आवाज आला. भावजी पाईप ओढत आले. मागे आबा, ओट्यावर सासूबाई, दारात नवरा.

"वहिनी, सरका. पाच मिंटात उडवतो समदं."

"भावजी, पंप लांब ठेवा."

"आवो, त्या ब्रशानं शिमग्यापत्तूर बसाल घासत."

"बसेन."

त्यांना वाटलं मी चेष्टा करते. त्यांनी बंदूक उचलली. मी बॉनेट आणि त्यांच्यामध्ये उभी राहिले. हातात काळा ब्रश, कोपरापर्यंत काजळी. मला वाटतं मी फार मोठ्याने बोलले नाही, कारण पंपाच्या आवाजात त्यांना पुढे वाकून ऐकावं लागलं.

"खंडेनवमीला तुम्ही यात पाणी मारलंत. प्लगच्या खड्ड्यात तुमच्या स्टिकरचा फेस साचला होता. म्हणून गाडी पुलावर बंद पडली. मी क्लच दाबून इंजिन मारलं नव्हतं. मी फेस डोळ्यांनी बघितलाय."

बंदुकीच्या तोंडातून थेंब थेंब पाणी पडत होतं. भावजींनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने स्वतःच्या चपलांकडे पाहिलं.

"म्हंजे मी वाट लावली व्हय गाडीची?" भावजी म्हणाले. "रोज सोडतोय, आनतोय, त्याचं कायच न्हाय."

"मी सोडा म्हटलं नव्हतं."

सासूबाई ओट्यावरून बोलल्या, "आगं, दिराला आसं बोलत्यात का? चारचौघांत?"

"आई, टपरीवर चारचौघंच होते. मी मागं बसून सगळं ऐकत होते."

भावजींचा चेहरा पडला. ते ऐकू गेलं असेल हे त्यांच्या ध्यानातच आलं नसावं. मागच्या सीटवर माणूस असतं, हेच कदाचित ध्यानात आलं नसावं.

आबा म्हणाले, "पंप बंद कर रं." पंप बंद झाला. एकदम सगळं शांत. मला क्षणभर वाटलं आबा माझ्या बाजूने बोलणार. ते माझ्याकडे वळले. "शिकवलं तुला तुझ्या बापानं. पर नोकरीला आमी धाडली. ध्यानात हाय न्हवं?"

"हाय आबा. इसरले न्हाय."

आणि मी पुन्हा वाकून घासायला लागले. खरंच विसरले नव्हते. पण त्या क्षणी मला कळलं की ज्या उपकाराला मी इतकी वर्षं नमस्कार करत आले, तो माझ्या गळ्यातलं दावं झालाय. हवं तेव्हा ओढायचं. मी ओढ बसू दिली, पण मान वळवली नाही.

सगळे पांगले. नवरा थोड्या वेळाने येऊन शेजारी बसला. म्हणाला, "काय धरू का?" मी त्याच्या हातात कोरडं फडकं दिलं. तो पुसू लागला. मी बोलले नाही. त्याने हे महिनाभर आधी विचारलं असतं तर मी बोलले असते.

नळी बदलली. सगळं वाळल्यावर काळ्या प्लास्टिकला पॉलिश लावलं, फडक्यावर घेऊन, हलक्या हाताने. इंजिन फिरवणाऱ्या रबरी पट्ट्याला लागू दिलं नाही. तो घसरला असता तर गाडी पुन्हा एखाद्या पुलावर बंद पडली असती. चकचकीत काही दिसत नव्हतं. मंद काळं, कोरडं, बोट फिरवलं तर बोटाला काही लागणार नाही असं. पिशव्या काढल्या, बॅटरी जोडली, किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. थरथर नाही. ओट्यावरून सासूबाई बघत होत्या.

किल्ली मी खिळ्यावर लावली नाही. पर्समध्ये टाकली.

सोमवारी सकाळी डबा घेऊन बाहेर आले तर भावजी ड्रायव्हरच्या सीटवर बसलेले. दार लॉक करायचं मी विसरले होते. काळा चष्मा लावलेला, हात स्टिअरिंगवर. किल्ली नव्हती, तरी बसले होते. "चला," म्हणाले. जसं काल काही झालंच नाही. मला वाटतं ती त्यांची माफी होती. आमच्याकडे माफी अशीच मागतात, काहीच झालं नाही असं वागून. समोरच्यानेही तसंच वागायचं असतं.

मी त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि तिथेच उभी राहिले.

"बसा की मागं," ते म्हणाले. "कोंबड्या काढल्यात म्या."

"भावजी, उतरा."

"वहिनी, आता किती तानायचं?"

मी उभीच राहिले. ते उतरले, दार आपटलं आणि पाय ओढत मोटारसायकलीकडे गेले. दारात नवरा उभा होता. तो म्हणाला, "बोलायचं तरी जरा गोड." मी सीट पुढे ओढली. ती त्यांच्या पायांच्या मापाने मागे सरकवलेली होती. आरसा खाली केला.

पुलावर पोचले तेव्हा पुढे उसाचे ट्रॅक्टर होते आणि मागे तोच दुधाचा टेम्पो. गाडी एका लयीत चालत होती. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी बारामतीपर्यंत रागातच होते आणि आजही, किल्ली पर्समध्ये टाकताना, मी थोडी रागातच असते. टँकर आला तेव्हा मी फाटकात होते. बाटल्या मांडल्या, पहिला नमुना घेतला. नखांत अजून काजळी होती, म्हणून हातमोजे चढवले आणि कामाला लागले.